'डाऊन' न म्हटल्याची गोष्ट

ही गोष्ट आजवर माझी बायको अल्विनाच सांगत आली. लग्नाची जेवणं असोत, चर्चची सहल असो, कुणी विषय काढला की लोक माझ्याकडे बघायचे आणि मी तिच्याकडे. मी बोलताना अडखळतो. माझ्या तोंडून ही गोष्ट ऐकायची तर माणसाने सोबत शिदोरी आणावी, असं तीच म्हणायची. मार्चमध्ये ती गेली. आता कॉलेजच्या पत्रिकेने कळवलं आहे की अठराशे त्र्याण्णव सालच्या हंगामाला यंदा चाळीस वर्षं होतात, तेव्हा 'ज्याने डाऊन म्हटलं नाही' त्याने स्वतः चार पानं लिहावीत. लिहिताना मी अडखळत नाही, म्हणून लिहितो. ती या गोष्टीतला एक भाग नेहमी गाळायची. तोही लिहितो.

आमचा तेव्हाचा फुटबॉल आजच्या पोरांना ओळखू यायचा नाही. डोक्यावर चामड्याचा टोप नव्हता. डोकं वाचावं म्हणून केस वाढवायचे. ऑगस्टपासून कुणी कात्री लावायची नाही. आमच्या एलस्बरी गावचा न्हावी आम्हाला रस्त्यात पाहून तोंड फिरवायचा. साऱ्या कॉलेजात मुलगे साठ, त्यातले अकरा संघात आणि दोन राखीव. चेंडू काखेत धरायचा आणि त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. टेकवला की चार गुण, आणि नंतर लाथेने दोन खांबांमधून उडवला तर आणखी दोन. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकलात तर ठीक, नाही तर चेंडू त्यांचा. बाकी सगळा खेळ म्हणजे ढकलणं आणि ढकलून घेणं.

आणि एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आता माणूस पकडला की पंच शिट्टी फुंकतो. तेव्हा नुसतं पकडून खेळ थांबत नसे. ज्याच्या हाती चेंडू, त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, 'डाऊन'. म्हणजे झालं, धरलंत, थांबा. तो म्हणेपर्यंत त्याला कुठेही ओढायची मुभा होती. आपली माणसं पुढे ओढायची, त्यांची माणसं मागे.

'ड' हे माझं सगळ्यात वाईट अक्षर.

माझी जागा मधल्या फळीत होती. समोरच्या माणसाला बाजूला सारायचं, मागून धावणाऱ्याला वाट करून द्यायची. काम मी चांगलं करायचो. शेतावर वाढलेला, अंगात ताकद होती. पण ढकलून ढकलून मी वाट करायचो आणि त्या वाटेने रॉयल टीग जायचा, मुली त्याच्या नावाने ओरडायच्या. मला त्या हंगामात एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, चेंडू माझ्या हातात द्यावा. मी धावू शकतो हे मला माहीत होतं. पळालेलं डुक्कर मी दोन कुंपणांच्या आत पकडायचो.

पहिल्या सामन्यात चेंडू मिळाला, तो चुकून. मार्लो कॉलेजच्या मैदानावर, आमच्याच टोकाजवळ, रॉयलच्या हातून निसटला आणि माझ्या पोटावर येऊन बसला. मी तो कवटाळला. लगेच चार जणांनी मला धरलं. मी तोंड उघडलं. 'ड' आला आणि तिथेच थांबला. मार्लोवाले आधी थांबून राहिले, मी आता म्हणेन, मग म्हणेन. मग त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मला चेंडूसकट उचललं, जिवंत ओंडका उचलावा तसं, आणि चालत चालत आमच्याच रेषेपलीकडे नेऊन ठेवलं. आपल्या रेषेमागे अडकलं की समोरच्याला दोन गुण. दुसरे गुण त्या दिवशी कुणालाच मिळाले नाहीत. दोन-शून्य. हरलो.

परतीच्या गाडीत सगळे माझ्यापासून लांब बसले. आमचा कॅप्टन थॅड बर्गिन हा लोहाराचा मुलगा, मनाने वाईट नव्हता, पण जिभेला लगाम नव्हता. तो शेजारी येऊन बसला.

"ऑरिन, तू बैल आहेस," तो म्हणाला. "पण बैलाला हंबरता तरी येतं."

मी काही म्हणायच्या आत त्यानेच पुढचं सांगून टाकलं. यापुढे चेंडू आपणहून माझ्याकडे आला तरी मी त्याच्यावरून उडी मारायची. माझ्याशी सगळे असेच बोलायचे. मी शब्दाला सुरुवात केली की पुरा तेच करायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचा.

संघाचं जेवण मिसेस स्ट्राउड यांच्या खाणावळीत असायचं. आमचे व्हिटकम सर लॅटिन शिकवायचे. पूर्वेकडच्या मोठ्या कॉलेजात शिकताना त्यांनी हा खेळ खेळलेला, म्हणून प्रशिक्षकही तेच. त्यांनी नियम घातला होता की हंगाम संपेपर्यंत पाय, म्हणजे फळं भरून भट्टीत भाजलेलं ते गोड पक्वान्न, खायचा नाही, कॉफी प्यायची नाही. उकडलेलं गोमांस, ओटची पेज, कालचा पाव. बाकीचे खाणावळकरी आमच्यासमोर सफरचंदाचा पाय खायचे. रॉयल म्हणायचा, सामन्यात मार लागतो त्याचं काही नाही, हा जेवणातला मार सोसवत नाही.

अल्विना मिसेस स्ट्राउड यांची मुलगी. आमच्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात. तिचे वडील घोड्यांचे साज करायचे. ते वारले तेव्हा त्यांची आरी, सुया आणि मेणाचा दोरा तिच्याकडे आला. आमच्या विजारींना कमरेशी दोन्ही बाजूंना चामड्याच्या मुठी शिवलेल्या असायच्या, पेटीला असतात तशा. धावणारा अडकला की सोबत्यांनी त्या मुठींना धरून त्याला ओढायचं. दर सामन्यानंतर मुठी उसवायच्या आणि अल्विना त्या पुन्हा शिवायची. मार्लोनंतरच्या सोमवारी मी माझी विजार न्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती दोरा ओढत होती. वर न बघता म्हणाली, "मिस्टर फिच, रविवारी गाताना तुम्ही अडखळत नाही."

खरं होतं. चर्चच्या गायनात मी खालच्या पट्टीत गायचो आणि तिथे 'ड'सुद्धा सुरळीत यायचा. का, ते मी तिला सांगायला लागलो. सुराला धरून शब्द निघतो, थांबायला जागाच राहत नाही, एवढंच सांगायचं होतं. त्याला किती वेळ लागला असेल देव जाणे. चुलीवरचं पाणी उकळलं आणि उतू गेलं. ती उठली नाही. मध्ये एक शब्द बोलली नाही. माझं वाक्य माझ्यासाठी पुरं न करणारं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं माणूस.

मग म्हणाली, "तर मग सुरात म्हणा."

रोज संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं ती बाजाच्या पेटीवर एक सूर धरायची आणि मी 'डाऊन' गायचो. आठवड्याभरात जमलं. सरावात थॅडने मला चेंडू दिला, तिघांनी मला पाडलं, आणि मी खालून, चर्चमधल्या पट्टीत, लांबलचक 'डाऊऊन' लावला.  मग ढिगाऱ्याखालून रॉयल म्हणाला, "आमेन."

त्यानंतर सरावात मी गायलो की सगळेच्या सगळे 'आमेन' म्हणायचे. व्हिटकम सर पाठ करून हसायचे. पण सामन्यात चेंडू काही मिळेना. थॅडचं म्हणणं, आपण लोकांच्या मैदानावर खेळायला जातो, भजन करायला नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्यावाचून काही अडतही नव्हतं. आम्ही सुटलोच होतो. डनमोरला सोळा-शून्य. त्यांच्या फळीतला मधला माणूस दाढीवाला होता आणि दोरीबाहेरून तीन पोरं त्याला 'बाबा, पाड त्याला' म्हणून ओरडत होती. विद्यार्थी आहे म्हणे, धर्मशास्त्राचा. त्याने मला पाडलंही, बाबा होता तरी. मग प्रुइटला दहा-चार, चिखलात, चेंडू कुठे आणि माणूस कुठे ते कळत नव्हतं. बेथेलशी बरोबरी, कारण अंधार पडला आणि पंचाला घरी जाऊन गायींच्या धारा काढायच्या होत्या. गावातली माणसं, ज्यांनी सप्टेंबरात आम्हाला वेडे म्हटलं, ती नोव्हेंबरात सराव बघायला कुंपणावर बसू लागली. न्हावीसुद्धा आला. त्याने मला सांगितलं की वेक्सफर्डला हरवलंत तर साऱ्यांचे केस फुकट कापीन.

वेक्सफर्ड. तीन वर्षांत त्यांना कुणी हरवलं नव्हतं. ते आमच्याकडे येणार होते थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, हंगामाचा शेवटचा सामना. सकाळी आम्हीच जाऊन मैदानातलं शेण उचललं आणि चुन्याच्या रेषा मारल्या. दुपारी दोन वाजता दोरीभोवती हजार माणूस होतं. गाड्या, घोडे, टर्कीचं जेवण अर्धं टाकून आलेली कुटुंबं. आमच्या गावात हजार माणूस आहे हेच मला माहीत नव्हतं.  मी बूट बांधत होतो तेव्हा अल्विना दोरीपाशी आली. माझ्या मुठींना एकेक हिसका देऊन तिने बघितलं.

"दुहेरी दोरा घातलाय," ती म्हणाली. "विजार फाटेल, मूठ सुटणार नाही."

मी मान हलवली. चेंडू मिळायचा नव्हताच.

वेक्सफर्डने पहिल्या दहा मिनिटांत चेंडू टेकवला आणि लाथेनेही उडवला. सहा-शून्य. त्यांचा कॅप्टन हॅलक नावाचा, दारातून आडवं होऊन जावं लागेल असा माणूस. तो माझ्यासमोरच होता. दर खेपेला तो मला आपुलकीने विचारायचा, "शेतकरी, दमलास का?" आणि मला उत्तर देता येण्याआधी आदळायचा. पण मध्यंतरानंतर मला कळलं की तो डाव्या पायावर उशिरा येतो. मी तिकडून घुसू लागलो. वाट पडू लागली. रॉयल त्या वाटेने पाच यार्ड गेला, मग आठ, मग एकदा हॅलकच्या पाठीवरून उडी घेऊन थेट रेषेपलीकडे. लोकांनी टोप्या उडवल्या. त्यातल्या काही परत कुणाला मिळाल्याच नाहीत. पण लाथ हुकली. सहा-चार.

उजेड उतरत होता. पंच, शेजारच्या गावचे वकील मिस्टर पिंकनी, घड्याळ बघून म्हणाले की पाच मिनिटं उरली. चेंडू आमच्याकडे होता आणि आम्ही इंच इंच करत त्यांच्या रेषेपासून बारा यार्डांवर आलो. तिथे रॉयल पडला तो उठला नाही. खांद्याचं हाड. राखीव दोघांतला एक पहिल्याच अर्ध्यात लंगडत गेला होता. दुसरा आला, एकदा धावला, आणि नाकातून रक्त गाळत मागे दोन यार्ड जाऊन पडला. 'डाऊन' त्याने मात्र छान म्हटलं.

तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. थॅडने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. त्याच्या भुवईवरून रक्त येत होतं. नजर माझ्यावर येऊन थांबली.

"गाशील ना?" तो म्हणाला.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. 'ह' मला सोपा जातो.

चेंडू माझ्या पोटात बसला आणि मी निघालो. पहिले पाच यार्ड कसे गेले ते मला आठवत नाही, फक्त आवाज आठवतो, धान्याच्या कोठाराला आग लागावी तसा लोकांचा आवाज. हॅलकच्या डाव्या बाजूने मी सुटलो. मग कुणीतरी माझे गुडघे धरले, कुणी मान, आणि हॅलक वळून माझ्या छातीवर आला. श्वास गेला. सगळा गेला, तळापर्यंत.

आता अल्विना गाळायची तो भाग.

मला सोडून द्यायचं होतं. तिथेच, त्याच क्षणी. बरगडीत काहीतरी मोडलं होतं, डोळ्यांपुढे पांढरं झालं होतं आणि मला फक्त थांबायचं होतं. मी 'डाऊन' म्हणायला तोंड उघडलं. सूर लावायला श्वास लागतो, तो नव्हता. राहिला 'ड'. ड, ड, ड. ते मला मागे ओढायला लागले आणि मी म्हणायचा प्रयत्न करत राहिलो. तेवढ्यात थॅडचा हात माझ्या उजव्या मुठीवर बसला. मग डाव्या मुठीवर कुणाचा तरी. दोघांच्या मागे बाकी सगळे. दोन्ही संघ आणि मध्ये मी, बाजारात दोन गिऱ्हाइकांनी एकच वासरू धरावं तसा. एक यार्ड मागे. दोन यार्ड पुढे. विजार फाटली, साऱ्या एलस्बरीने ऐकली. मूठ सुटली नाही. आणि माझे पाय, त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं म्हणून, चालत होते. मग खाली चुना दिसला. पांढरी रेषा माझ्या तोंडाखालून गेली आणि माझ्यावर अकरा जण कोसळले.

लोक मैदानात घुसले. पण हॅलक पंचांसमोर जाऊन उभा होता. तो म्हणाला की हा रेषेच्या आधीच थांबला होता, याने शब्द म्हटला.

पिंकनींनी विचारलं, नक्की काय ऐकलंत?

"'ड' ऐकला, साहेब. चार वेळा ऐकला."

पिंकनी वकील होते. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "चार 'ड' मिळून एक शब्द होतो का, हा प्रश्न आहे."

थॅड पुढे झाला. "साहेब, हा 'डॉक्टर' म्हणायला लागला ना, की तो म्हणून होईपर्यंत माणूस बरा होऊन घरी जातो. 'ड' वर जाऊ नका."

वेक्सफर्डवालेसुद्धा हसले. हॅलक नाही हसला. वाद वाढला, धक्काबुक्की होणार असं दिसलं, तेव्हा पिंकनींनी हात वर केला. ते माझ्याकडे आले.  घोड्याच्या लगामाची कडी वाजलेली ऐकू येत होती.

"मुला, तू 'डाऊन' म्हणालास का?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फाटकी विजार एका हाताने धरून उभा होतो. खरं काय ते मला माहीत होतं. म्हणालो नव्हतो. म्हणायचं होतं. पण त्यांनी तेवढं विचारलं नव्हतं, आणि पुरं सांगायचं तर तोच शब्द पुन्हा तोंडातून काढावा लागला असता.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

"गुण चार," पिंकनी म्हणाले. आठ-सहा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला खांद्यावर घेतलं, बरगडीवरच घेतलं. न्हाव्याने तिथेच खुर्ची मांडली. रात्रीच्या आत साऱ्या गावात झालं होतं की ऑरिन फिचला दहा जणांनी चिरडलं तरी त्याने हार मानली नाही, 'डाऊन' म्हटलं नाही. ते नाव मला चिकटलं ते आजतागायत. पुढे मी दुकान टाकलं, त्याच्या पाटीवरही लोकांनी तेच रंगवायला लावलं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. कोण थांबणार होतं तेवढा वेळ?

त्या संध्याकाळी खाणावळीत दंगा चालला होता. हंगाम संपला म्हणून पाय होते, आठ पाय, आणि रॉयल हात झोळीत घालून दुसऱ्या हाताने दोन जणांचं खात होता. मला आत बसवेना. मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. अल्विना ताटलीत एक मोठा तुकडा घेऊन आली आणि शेजारी बसली. मी हात लावला नाही.

मग मी तिला सांगितलं. की मी हार मानली होती. की शब्द आला असता तर मी म्हटला असता, आणि आपण हरलो असतो, आणि आत ते जे ओरडत आहेत ते खोटं आहे. खूप वेळ लागला. बरगडी दुखत होती, त्यामुळे आणखी लागला. ती ताटली मांडीवर धरून बसून राहिली.

मी थांबल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे. मी रेषेपाशीच उभी होते, ऑरिन. तुझं तोंड दिसत होतं मला. माशासारखं उघडत होतं."

महिनाभर ती मला मिस्टर फिच म्हणत आली होती. ते 'तुझं' ऐकून मला पुढचं ऐकायला जरा वेळ लागला.

"महिनाभर तुला तो शब्द शिकवला मी," ती म्हणाली. "आणि तिथे दोरीला धरून देवाला म्हणत होते, आजच्या दिवस याला बोलू देऊ नकोस. एवढी खोटी मी कधी झाले नव्हते. तेव्हा तू एकटा नाहीस. खा आता."

मी खाल्लं. सप्टेंबरपासूनचा पहिला पाय. आत थॅडने गाणं धरलं होतं, चुकीच्या पट्टीत, आणि प्रत्येक ओळीला सगळे 'आमेन' म्हणत होते. मी पुसली बोटं विजारीला, म्हणजे जे काही विजारीचं उरलं होतं त्याला, आणि तिला आणखी एक गोष्ट विचारायला लागलो.

ते वाक्य लांब नव्हतं. पण त्यात अडचणीची अक्षरं होती, आणि मी घाबरलो होतो, मैदानावर घाबरलो त्याहून जास्त. पहिल्या शब्दावरच अडकलो. आतलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मी काय विचारतो आहे ते तिला पहिल्या अक्षरालाच कळलं असणार, ती हुशार होती. कुणीही पुरं केलं असतं ते वाक्य. ती थंडीत शाल ओढून बसली, माझ्याकडे बघत, आणि मी शेवटच्या शब्दापर्यंत पोचेपर्यंत थांबली.